नाव कळलं, पुढे काय? (रोजचं वागणं आणि मानसशास्त्र)

अर्धविराम

गेल्या आठवड्यात रात्री ९:४० ला धाकट्या भावाला मेसेज टाकला, "रविवारी बोलू या का जरा?" दोन मिनिटांत निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. दहा वाजले, सव्वादहा झाले. तोवर माझ्या डोक्यात अख्खं नाटक उभं राहिलं होतं. मागच्या महिन्यात कागदपत्रांवरून मी त्याला जरा जास्तच बोललो होतो, ते त्याने मनात धरलंय. तो पहिल्यापासून असाच, मनात ठेवणारा. पावणेअकराला मी एक खोचक वाक्य टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. ११:२० ला उत्तर आलं, "अरे झोपलो होतो. फोन पोराच्या हातात होता."

गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी एका मित्राचा मेसेज मी वाचून सहा तास तसाच ठेवला. तेव्हा 'मी माणूस म्हणून असा आहे' वगैरे काही मनात आलं नाही. कामात होतो, एवढंच.

आता कबुली. मला या प्रकाराचं नाव माहीत आहे. ली रॉस यांनी १९७७ मध्ये त्याला 'फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर' म्हटलं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थिती विसरतो. जोन्स आणि हॅरिस यांचा १९६७ चा प्रयोगही वाचलेला आहे. त्यात लोकांना क्यूबाचा नेता कास्ट्रो याच्या बाजूचे आणि विरुद्ध निबंध वाचायला दिले होते. 'लेखकाने बाजू स्वतः निवडली नव्हती, त्याला नेमून दिली होती,' असं स्पष्ट सांगूनही वाचणाऱ्यांना वाटत राहिलं की याच्या मनातही थोडंफार तेच असणार.

हे सगळं पाठ असताना मी तासभर तेच करत होतो. मग मानसशास्त्र वाचून मिळालं काय? तुम्हाला कधी याचा रोजच्या जगण्यात खरोखर उपयोग झाला आहे का, की आपण फक्त चुका नाव घेऊन करायला शिकतो?

पाणचक्की

भाऊ रागावलाच होता. पोराच्या हातात फोन होता ही थाप आहे. (हलकेच घ्या.)

दुसरीबाजू

नाव म्हणजे स्पष्टीकरण नव्हे, इथून सुरुवात करू. "या औषधाने झोप का येते?" "त्यात झोप आणण्याचा गुण आहे म्हणून." तुमचं 'ॲट्रिब्यूशन एरर' याच जातीचं आहे. तुम्ही चूक केली, कारण माणसं ही चूक करतात!

शिवाय "स्वतःला परिस्थितीची सवलत, दुसऱ्याला स्वभावाचा ठपका" हा जो दुसरा भाग तुम्ही सांगितलात, तो पाठ्यपुस्तकात वाटतो तितका पक्का नाही. बर्ट्रम माले यांनी २००६ मध्ये १७३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर सरासरीत हा फरक जवळजवळ शून्य निघाला. फक्त वाईट घटनांमध्ये तो दिसला. चांगल्या घटनांमध्ये उलटा झाला, म्हणजे स्वतःचं यश आपल्या गुणामुळे आणि दुसऱ्याचं नशिबाने.

अर्धविराम

@दुसरीबाजू, हे माहीत नव्हतं. पण मग माझी गोष्ट चपखल बसते की. मेसेजला उत्तर न येणं ही वाईटच घटना. आणि भावाने लगेच उत्तर दिलं असतं, तर 'काय गुणी पोर आहे' असं मी म्हटलं नसतं हेही खरं. 'आज मोकळा दिसतोय' म्हणालो असतो.

फळा_आणि_खडू

मला मात्र नावाचा उपयोग झाला आहे, म्हणून लिहिते. सत्तावीस वर्षं शिकवलं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एकदा स्वेटर उलटा घालून गेले. शिवण बाहेर, गळ्यामागचं लेबल पुढे. दोन तास झाल्यावर मधल्या सुट्टीत आरशात दिसलं. उरलेला दिवस मी फळ्याकडे तोंड करूनच शिकवलं म्हणा ना. पुढचे पंधरा दिवस वर्गात कुणी हसलं की पोटात गोळा यायचा.

बऱ्याच वर्षांनी गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग वाचनात आला. विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचे. मग विचारायचे, किती जणांच्या लक्षात आलं असेल? घालणाऱ्याला वाटायचं, साधारण निम्म्या. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलेलं असे. आपल्यावर झोत आहे असं आपल्यालाच वाटतं, म्हणून त्याला 'स्पॉटलाइट इफेक्ट' म्हणतात.

ते वाचल्यावर त्याच वर्गातली एक विद्यार्थिनी भेटली तेव्हा मी मुद्दाम विचारलं. स्वेटर तिला आठवत नव्हता. मी एकदा सगळ्या वर्गासमोर तिचा निबंध वाचून दाखवला होता आणि ती लाजेने मेली होती, ते आठवत होतं. ते मला अजिबात आठवत नव्हतं.

खिडकीपाशी

@फळा_आणि_खडू, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

पाणचक्की

ताई, पाव वर्गाला दिसलाच असणार पण. पहिल्या बाकावरच्यांना नक्की.

ढोबळमानाने

दर दोन वर्षांनी मानसशास्त्राचा असा धागा निघतो आणि मी दर वेळी हेच लिहितो. या क्षेत्राचा पायाच डळमळीत आहे. २०१५ मध्ये १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत 'सिग्निफिकंट', म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये असा, निकाल होता. पुन्हा केल्यावर उरले ३६ टक्के. इच्छाशक्ती बॅटरीसारखी संपते हा सिद्धान्त आठवतो? त्यावर पुस्तकं निघाली, कार्यशाळा झाल्या. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर तपासलं तर हाताला काही लागलं नाही. १९७१ च्या स्टॅनफर्डच्या तुरुंगाबद्दल (विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलेला प्रयोग) तर बोलायलाच नको, पहारेकऱ्यांना कसं वागायचं ते आधीच सुचवलेलं होतं. त्यामुळे टीशर्ट आणि गायक वाचायला छान, पण त्यावर आयुष्य बेतू नका.

दुसरीबाजू

@ढोबळमानाने, अर्धं मान्य. पण हे उघडकीला आणलं कुणी? मानसशास्त्रज्ञांनीच. आणि जे टिकलं त्याचं काय? एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा आलेख काढला, निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून. एकच माणूस, तोच संशोधक, तोच प्रयोगाचा उंदीर. आजच्या निकषांवर कुणी छापणार नाही. २०१५ मध्येच नेदरलँड्समध्ये तो प्रयोग पुन्हा झाला आणि आलेख जवळजवळ तसाच आला. सगळी टोपली फेकायची नसते.

अंदाजपंचे

अंदाज चुकणे या विषयावर माझा अधिकार नावातच आहे.

भिंतीवर एक फळी बसवायची होती. घरच्यांना सांगितलं, "शनिवारी दुपारी, दोन तास." ही गोष्ट पावसाळ्याआधीची. पहिल्या शनिवारी ड्रिल सापडलं, बिट सापडलं नाही. दुसऱ्या शनिवारी भोक पाडलं आणि प्लास्टर फुटभर निघून आलं. मग प्लास्टर, मग ते वाळणं, मग रंग, मग रंगाची छटा जुळेना. फळी सध्या पलंगाखाली आहे. मला अजूनही मनापासून वाटतं की ते दोन तासांचं काम आहे.

ब्यूलर आणि मंडळींचा १९९४ चा अभ्यास आहे. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर साधारण ३४ दिवस. मग विचारलं, सगळं जितकं बिघडू शकतं तितकं बिघडलं तर? साधारण ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे माणसाची वाईटात वाईट कल्पनासुद्धा आशावादीच! कारण आपण समोरच्या कामाची पायरीपायरीने गोष्ट रचतो, आणि त्या गोष्टीत बिट हरवत नाही. याआधीची अशी कामं किती रेंगाळली तो हिशोब मांडतच नाही.

कंसातला

आमच्या टीममध्ये हे कळल्यापासून प्रत्येक जण आपल्या अंदाजाला दोनाने गुणतो. मग मॅनेजर दोनाने भागतो. मग आम्ही चाराने गुणतो. कंसात सांगतो, काम तरीही उशिराच होतं.

खिडकीपाशी

माझा प्रश्न वेगळा आहे. रात्री अंथरुणावर पडलं की दिवसभरातलं अर्धवट काम डोक्यात फिरतं. झालेली दहा कामं आठवत नाहीत, एक न पाठवलेला ईमेल आठवतो. "नको विचार करूस" असं घरचे म्हणतात. त्याने आणखी वाढतं.

फळा_आणि_खडू

"नको विचार करूस" ने वाढणारच गं. वेग्नर यांनी १९८७ मध्ये हेच करून पाहिलं. पाच मिनिटं मनात येईल ते बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे 'आता खुशाल विचार करा' म्हटल्यावर या मंडळींच्या डोक्यात अस्वल जास्त आलं, सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा. अस्वल आलं नाही ना, हे तपासायला मनाला अस्वल लक्षात ठेवावं लागतं.

दुसरीबाजू

अर्धवट कामांबद्दल ब्लूमा झायगार्निक यांचा १९२७ चा बर्लिनमधला अभ्यास प्रसिद्ध आहे. मध्येच थांबवलेली कामं लोकांना पुरी झालेल्यांपेक्षा जास्त आठवली. (ढोबळमानाने यांनी लिहायच्या आत मीच लिहितो, पुढच्या प्रयोगांत हे कधी दिसलं, कधी नाही.) मला त्याहून कामाचा वाटतो मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांचा २०११ चा अभ्यास. मनातली टोचणी थांबायला काम पुरं व्हावं लागत नाही. ते कधी, कुठे, कसं करणार हे नेमकं ठरवलं तरी ती बरीच उतरते.

ढोबळमानाने

बाउमायस्टर म्हणजे तेच ना, बॅटरीवाले?

दुसरीबाजू

तेच. माणूस एकदा चुकला म्हणून कायमचा चुकीचा ठरवणं याला काय म्हणतात, ते धाग्याच्या सुरुवातीलाच आहे.

अंदाजपंचे

हाहाहा. धागा वसूल.

राशीचक्र_फिरे

इतकं सगळं परदेशी वाचण्यापेक्षा जन्मतारीख बघा. मी लोकांचे स्वभाव तंतोतंत सांगतो, आजवर नव्वद टक्के लोकांनी मान्य केलं आहे.

कंसातला

मलाही येतं. तुम्ही वरून शिस्तीचे दिसता, पण आतून कधीकधी बेचैन असता. तुमच्यात बरीच क्षमता आहे जी अजून वापरली गेलेली नाही. लोकांशी मोकळं बोलता, पण फार मोकळं होणं शहाणपणाचं नाही हे तुम्हाला अनुभवाने कळलं आहे.

राशीचक्र_फिरे

हे बरोबर आहे. तुम्हाला कसं कळलं?

कंसातला

फोरर नावाच्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'त्याचं' व्यक्तिचित्र दिलं. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना कागद एकच होता, आणि वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. मी त्याच धाटणीची तीन लिहिली.

(राशीचक्र, राग नसावा. मलाही माझीच वाक्यं वाचताना 'अरे, हा तर मी' वाटलं.)

तिसरापेला

ज्योतिषावर शंभर प्रतिसाद होण्याआधी मूळ विषयाकडे वळा, ही विनंती.

मी समुपदेशक म्हणून काम करते. इतका वेळ वाचत होते, आता एक तक्रार मांडते. नावं लोकांना स्वतःसाठी कमी आणि दुसऱ्यासाठी जास्त हवी असतात. जोडपी येतात आणि पाच मिनिटांत कळतं की दोघांनी एकमेकांवर वाचून ठेवलंय. तो 'नार्सिसिस्ट', ती 'टॉक्सिक', त्याची आई 'मॅनिप्युलेटिव्ह'. शब्द जड झाला की कुतूहल संपतं. 'तू त्या दिवशी दार आपटून का गेलास?' याला उत्तर असू शकतं. 'तू नार्सिसिस्ट का आहेस?' याला काय उत्तर देणार?

आणि टेबलावरची पेनं सरळ ठेवणाऱ्याला 'ओसीडी आहे हं तुला' म्हणणं थांबवा. ओसीडी म्हणजे नको असलेली शंका पुन्हापुन्हा येणं आणि तीच ती कृती करत राहावी लागणं, हा आजार आहे. ज्यांना खरंच आहे ती माणसं हे ऐकून गप्प होतात.

कडीकोयंडा

तिसरापेला, तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहितोय. एरवी मी या आयडीने फक्त क्रिकेटच्या धाग्यावर असतो.

मी कुलूप लावतो. ओढून बघतो. जिना उतरतो. खाली गेल्यावर वाटतं, लावलं ना? परत वर. ओढून बघतो. पुन्हा खाली. कधी कधी गाडीपर्यंत जाऊन परत येतो. काल अकरा वेळा झालं. ऑफिसात 'ट्रॅफिक' सांगतो. फोटो काढायला लागलो तर फोटो आजचाच आहे ना यावर शंका येते. घरी हसतात, मीही हसतो. आयडी दहा वर्षांपूर्वी गमतीत घेतला होता.

माझा प्रश्न अर्धविराम यांच्याच प्रश्नासारखा आहे. मला पक्कं माहीत असतं की लावलंय. तरी आठवत नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं?

पाणचक्की

यावर मी विनोद करणार नाही. वाचतोय.

तिसरापेला

कडीकोयंडा, लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाला नावापलीकडचं उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नेदरलँड्समधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी २००३ मध्ये एक प्रयोग केला. लोक अगदी सर्वसाधारण, कुठलाही त्रास नसलेले. त्यांना संगणकाच्या पडद्यावर गॅसच्या शेगडीची बटणं चालू-बंद करून तपासायला सांगितली, वीस वेळा. दुसऱ्या गटाने मधल्या वेळात शेगडीऐवजी दिवे तपासले. शेवटी दोघांना विचारलं, आत्ता शेवटच्या वेळी शेगडीची कोणती बटणं तपासलीत? उत्तरं दोन्ही गटांची सारखीच बरोबर होती. पण शेगडी वीसदा तपासलेल्यांना ते आठवणं धूसर वाटत होतं आणि स्वतःच्या आठवणीवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

पुन्हा वाचा. स्मृती बिघडली नाही, भरवसा बिघडला. आणि तो तपासण्यामुळेच बिघडला. एकच गोष्ट पुन्हापुन्हा केली की हात ते आपोआप करतात, मन बारकावे टिपायचं सोडून देतं. किल्लीचा गारवा, 'खट्' आवाज, काही उरत नाही. मग आठवण पुसट, पुसट म्हणून शंका, शंका म्हणून परत वर. तुम्ही अकराव्यांदा वर जाता ते खात्री करायला, आणि खाली उतरता ते पहिल्या वेळेपेक्षा कमी खात्री घेऊन. 'माहीत आहे पण आठवत नाही' हे तुमचं वाक्य त्या प्रयोगाच्या निष्कर्षाहून नेमकं आहे.

आता दुसरी बाब. एकदोनदा मागे वळून बघणं पुष्कळ जण करतात. पण यात रोज तासभर किंवा जास्त जात असेल, कामावर परिणाम होत असेल, थापा माराव्या लागत असतील, तर धाग्यावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञाला किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भेटा. निदान मी इथून करणार नाही, कुणीच करू नये. यावर चांगले उपचार आहेत. एका पद्धतीत शंकेला सामोरं जायचं आणि तपासायचं मात्र नाही, असा टप्प्याटप्प्याने सराव करून घेतात. व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये त्याची सुरुवात केली. तो सराव जाणकार माणसासोबतच करावा. आणि घरच्यांना सांगा, 'हो, लावलंय' असा दिलासा दर वेळी देत बसणं हेसुद्धा तपासण्याचंच रूप आहे.

ढोबळमानाने

शेगडीचा प्रयोग पुन्हा झाला आहे का?

तिसरापेला

हो, अनेकदा. खऱ्या शेगडीवरसुद्धा. बहुतेक वेळा तोच प्रकार दिसला आहे.

ढोबळमानाने

मग ठीक. (कडीकोयंडा, जाऊन या तज्ज्ञाकडे. मनापासून.)

अर्धविराम

माझ्या धाग्याचं उत्तर दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नात निघालं. 'ॲट्रिब्यूशन एरर' माहीत असून मला रात्री ९:४० नंतर काय करायचं ते कळत नव्हतं. शेगडीच्या गोष्टीत मात्र कुठे पाय थांबवायचा ते दिसतं. मी त्या रात्री फोन किती वेळा उघडून पाहिला असेल? वीसेक वेळा तर नक्की. दर वेळी भाऊ आधीपेक्षा जास्त रागावलेला दिसत होता.

दुसरीबाजू

हे माझ्या पहिल्या प्रतिसादापेक्षा चांगलं मांडलंत. बिनशर्त सहमत. तारीख लिहून ठेवा, असं रोज होत नाही.

खिडकीपाशी

काल रात्री ईमेलबद्दल कागदावर लिहिलं, 'सकाळी साडेनऊला, चहाआधी, फक्त दोन ओळी.' झोप लागली. सकाळी ईमेल पाठवला नाही तो नाहीच. पण झोप लागली.

अंदाजपंचे

फळी शनिवारी बसवतोय. दोन तास.

कडीकोयंडा

मंगळवारची वेळ मिळाली आहे. घरी सांगितलं. बायको आधी हसली, मग मी सगळं सांगत गेलो तशी बाजूला येऊन बसली.

आज निघताना कुलूप लावलं, ओढलं, चौदा पायऱ्या उतरलो आणि परत फिरलो. सहाव्या पायरीवर उभा राहिलो. शेजारचे वर निघाले होते, त्यांना वाटलं मी कुणाची वाट बघतोय. मग वर गेलो, ओढून पाहिलं, खाली आलो. आज पाच वेळा. परवाच्या मानाने कमी आहे. दिवसभर कामात लक्ष नव्हतं, ते वेगळं.

पाणचक्की

पाच चांगला स्कोअर आहे, क्रिकेटच्या धाग्यावर कळवतो. अर्धविराम, तुमचं काय? रविवारी बोललात का भावाशी?

अर्धविराम

बोललो. कागदपत्रांचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. त्याच्या डोक्यात तीन वर्षांपूर्वीचं काहीतरी होतं, जे मी साफ विसरलो होतो. त्यावर आत्ता तासाभरापूर्वी मेसेज केलाय. निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

झोपला असेल. किंवा खरंच रागावला असेल. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून हे लॅपटॉपवरून लिहितोय.